जोड आणि जोडीदार

ही कुस्ती तुम्ही इतक्यांदा पाहिली आहे की चित्र कुठे फाटतं आणि आवाज कुठे बसतो, हेही तुम्हाला पाठ झालंय. कॅसेटची कॉपी, त्या कॉपीची कॉपी आणि मग तिच्यावरून संगणकात उतरवलेलं चित्र. हिरवा रंग विटून करडा झालाय, लाल विटकरी दिसतो. या बेचाळीस मिनिटांवरून तुम्ही मित्रांशी रात्र रात्र वाद घातलेत. कुस्ती नेमकी फिरली कुठे? चूक कुणाची झाली? जगातली सर्वांत मोठी टॅग टीम कुस्ती हीच की दुसरी एखादी? अमेरिकेतले नावाजलेले कुस्ती-पत्रकार डेव्ह मेल्टझर यांनी तिला पाचपैकी पाच तारे दिले, हे तुम्ही प्रत्येक वादात हुकमाच्या पानासारखं टाकता.

आज वाद मिटवा. आज तिथेच जायचंय.

दोन अटी आहेत. निकाल तिथे कुणालाही सांगायचा नाही, ही पहिली. दुसरी अट पाळायला जास्त अवघड आहे: सगळ्यांकडे एकदम बघायचं नाही. टॅग टीममध्ये चार माणसं असतात, पण कॅमेरा रिंगमध्ये झुंजणाऱ्या दोघांच्याच मागे धावतो. खरी गोष्ट पुष्कळदा दोरांच्या बाहेर, हात लांबवून उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर घडत असते. म्हणून आज एकच माणूस निवडा. केशरी कपड्यांतला, अठ्ठावीस वर्षांचा केन्ता कोबाशी.

पण त्याच्याआधी एक थांबा घ्यावा लागेल.

तोक्यो, १४ मे १९९०

तोक्यो महानगर व्यायामशाळेत तुम्ही गर्दीत उभे आहात. रिंगमध्ये वाघाचा मुखवटा घातलेला पैलवान आहे. टायगर मास्क हे कॉमिकमधून आलेलं पात्र. १९८४पासून या मुखवट्याआड मित्सुहारू मिसावा नावाचा तरुण आहे. लोक वाघावर प्रेम करतात, मिसावाचा चेहरा मात्र त्यांच्यापुढे नाही.

ऑल जपान प्रो रेसलिंग ही जायंट बाबांनी १९७२मध्ये उभी केलेली कंपनी. बाबा एकेकाळी योमिउरी जायंट्स या बेसबॉल संघाचे पिचर होते. या वसंतात त्यांच्याकडचा मोठा तारा गेनइचिरो तेनऱ्यू कंपनी सोडून गेला आहे. जम्बो त्सुरुता अजून आहे, पण त्याच्यासमोर उभं राहील असा नवा चेहरा हवा आहे.

कुस्ती ऐन रंगात आलेली असताना वाघ आपल्या जोडीदाराकडे वळतो आणि मुखवट्याच्या नाड्या सोडायला सांगतो. जोडीदाराची बोटं गाठीशी झटापट करतात. मुखवटा सुटतो, गर्दीत भिरकावला जातो आणि मिसावाचा घामेजलेला चेहरा पुन्हा उजेडात येतो. महिना उलटायच्या आत, ८ जूनला, तो त्सुरुताला हरवेल.

ज्या हातांनी ती गाठ सोडवली ते नीट बघून घ्या. ते तोशिआकी कावादाचे हात आहेत. तोचिगी प्रांतातल्या आशिकागाच्या एकाच शाळेत दोघं कुस्ती शिकले. मिसावा एक वर्ष पुढे, कावादा मागे. जपानमध्ये वरच्या वर्गातल्या मुलाला सेनपाई मानायचं असतं, आणि तो मान शाळा सुटली तरी सुटत नाही. मिसावा १९८१मध्ये ऑल जपानमध्ये आला, पुढच्या वर्षी कावादाही आला. पुढे चालणाऱ्याची पाठ बघत वाढलेला हा माणूस आहे.

आपल्या आखाड्यात 'जोड' हा शब्द अजब आहे. कोल्हापूरच्या खासबागेत 'याला जोड कोण?' असं विचारतात, तेव्हा याच्या बरोबर कोण येणार असं कुणी विचारत नसतं. याच्यासमोर उभं राहण्याच्या तोडीचा कोण, असा तो प्रश्न असतो. बैलाची जोड मात्र एकाच जुवाखाली चालते. जो शेजारी चालतो तोही जोड आणि जो समोर ठाकतो तोही जोड. १९९०च्या त्या रात्री कावादा मिसावाचा पहिल्या अर्थाने जोड आहे. दुसरा अर्थ बघायला पाच वर्षं पुढे चला.

कुदानशिता, शुक्रवार, ९ जून १९९५

भुयारी रेल्वेच्या पायऱ्या चढून तुम्ही वर येता. संध्याकाळ आहे. ऑफिसातून सुटलेली माणसं टाय सैल करत एकाच दिशेने निघालीत. हे वर्ष जपानला फार जड गेलंय. १७ जानेवारीला कोबे शहर भूकंपाने मोडून पडलं. २० मार्चला याच तोक्योच्या भुयारी रेल्वेत सारीन हा विषारी वायू सोडला गेला. त्या हल्ल्यामागच्या पंथाचा प्रमुख पकडला गेला त्याला महिनाही झालेला नाही. पायऱ्यांवर लोकांची नजर बेवारस पिशव्यांकडे आपोआप जाते.

आणि त्याच वर्षात आज रिंगमध्ये उतरणारी चौकडी झुंजत राहिली आहे. भूकंपानंतर दोनच दिवसांनी शेजारच्या ओसाकात कोबाशी आणि कावादा पूर्ण साठ मिनिटं लढले आणि बरोबरीत सुटले. पाच दिवसांनी यामागातात आजच्याच दोन जोड्या, एकीकडे मिसावा आणि कोबाशी, दुसरीकडे कावादा आणि ताउए, समोरासमोर आल्या. पुन्हा साठ मिनिटं, पुन्हा बरोबरी. तुमच्या पुढे चालणाऱ्या माणसांना हे सगळं ठाऊक आहे. एका संध्याकाळच्या करमणुकीचं तिकीट त्यांनी काढलेलं नाही, कित्येक वर्षांचा हिशेब डोक्यात घेऊन ती आलीत.

खंदकाच्या कडेने चढ चढा. जुन्या एदो किल्ल्याचा तायासु दरवाजा ओलांडला की झाडीतून निप्पोन बुदोकानचं अष्टकोनी छप्पर दिसतं. १९६४च्या ऑलिम्पिकमधल्या ज्युदोसाठी ही वास्तू बांधली. १९६६मध्ये इथे बीटल्स गायले. १९७६मध्ये मुष्टियोद्धा मुहम्मद अली आणि पैलवान आंतोनिओ इनोकी इथेच समोरासमोर आले.

आत छताच्या मधोमध जपानचा झेंडा टांगलेला आहे आणि त्याच्या बरोबर खाली रिंग. खुर्चीत बसायच्या आत तुमच्या पायांना तो आवाज कळतो. बुदोकानचे प्रेक्षक टाळ्यांवर थांबत नाहीत, ते पाय आपटतात. हजारो तळवे एका लयीत जमिनीवर पडू लागले की कंप पोटरीतून मणक्यात चढतो. कॅसेटवर तुम्ही जी खरखर समजत होता, ती ही होती. आज १६,३०० माणसं आली आहेत अशी नोंद होईल.

निवेदक नाव पुकारतो आणि कागदी फितींची भेंडोळी चारी बाजूंनी सुटतात. मिसावाला हिरव्या, ताउएला लाल, कोबाशीला केशरी. क्षणभर रिंग दिसेनाशी होते. पंच क्योहेई वादा यांचं नाव येताच सगळं सभागृह 'क्योहेई!' असं ओरडतं. पंचाच्या नावाचा जयजयकार करणारी गर्दी तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा ऐकताय.

चौघे

लोक त्यांना 'शितेन्नो' म्हणतात, म्हणजे चार दिशा राखणारे चार देवराजे.

हिरव्या पोशाखात मिसावा, वय बत्तीस. चेहऱ्यावर भाव फारसे नाहीत, सगळं बोलणं कोपराने. दोनच आठवड्यांपूर्वी, २६ मे रोजी, त्याने स्टॅन हॅन्सनला हरवून ट्रिपल क्राउन हा सर्वोच्च किताब परत घेतला. शिवाय कोबाशीबरोबर तो जागतिक टॅग टीम विजेता आहे. पण एप्रिलमधल्या चॅम्पियन कार्निव्हल स्पर्धेत कावादाच्या लाथेने त्याच्या डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं होतं. त्या हाडासकट त्याने स्पर्धा जिंकली. समोरच्या दोघांना ते हाड कुठे आहे हे बरोबर माहीत आहे.

त्याच्या शेजारी कोबाशी. शिकवायला कोणी तयार नसेल तर स्वतः शिकेन, अशा धडपडीतून वर आलेला वाटावा असा पोरगा. त्याच्या छातीवरच्या चापटांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. आज त्याच्या पायावर जाड पट्ट्या आहेत. त्या पट्ट्या चौदाव्या रांगेतून तुम्हाला दिसतात, मग समोरच्या कोपऱ्यातून का दिसणार नाहीत?

त्या कोपऱ्यात काळ्यापिवळ्या पोशाखातला कावादा, एकतीस वर्षांचा, पुढचे दात नसलेला. एका लाथेने समोरच्याचे गुडघे मोडावेत असा त्याचा मारा. आणि लाल पोशाखातला उंच आकिरा ताउए, एकेकाळचा सुमो पैलवान. गळ्याला एका हाताने धरून माणूस वर उचलायचा आणि आपटायचा, हा त्याचा डाव. जपानी त्याला 'नोदोवा' म्हणतात. या जोडीचं नाव आहे 'सेइकिगुन', पवित्र दैत्यांची सेना.

या चौघांच्या हिशेबात एक जुनी नोंद आहे. ३ डिसेंबर १९९३, टॅग लीगची अंतिम कुस्ती. त्या रात्री दुखरा पाय कावादाचा होता. ताउए जवळजवळ एकटा पडला आणि शेवटी कोबाशीने कावादाला चीत केलं. आज दुखरा पाय कोबाशीचा आहे.

आणखी एक नोंद, सगळ्यांत जड. मिसावाच्या समोर उभं ठाकल्यापासून आजपर्यंत कावादाने त्याचे खांदे तीन आकड्यांपर्यंत एकदाही जमिनीला लावलेले नाहीत. गेल्या वर्षी ३ जूनला, याच छपराखाली, आयुष्यातली सर्वोत्तम कुस्ती करूनही तो हरला.

घंटा

सुरुवातीची मिनिटं मोजूनमापून जातात. चौघंही एकमेकांना इतके ओळखतात की पहिला डाव अर्ध्यातच अडतो, दुसऱ्याला उत्तर तयार असतं. शेजारचा माणूस दर अडवणुकीला हुंकार भरतो. ऑल जपानच्या प्रेक्षकाला डावांचा इतिहास पाठ असतो. कोणत्या डावाने कोण कधी हरला होता हे त्याला माहीत असतं, म्हणून मारला न गेलेला डावही त्याला दचकवतो.

मग ती लाथ येते. कावादा कोबाशीच्या पट्ट्यांवर मारतो आणि सभागृहाचा आवाज एकदम बदलतो. ओरडणं थांबतं, श्वास आत ओढल्याचा आवाज येतो. ताउए आत येतो आणि तोच पाय धरतो. यात चीड नाही, घाई नाही. भिंत पाडणारा माणूस आधी तडा शोधतो, तसं हे चाललंय.

ठरल्याप्रमाणे कोबाशीकडेच बघत राहा. कॅसेटवर तुम्हाला हे कधीच दिसलं नव्हतं. मिसावाला टॅग देऊन तो दोराबाहेर आला, कॅमेरा आत वळला, पण कोबाशी अजून तिथेच आहे. दुखऱ्या पायावर वजन न देता, कोपऱ्यातल्या खांबाला धरून उभा. आत मिसावाचं कोपर कावादाच्या जबड्यावर बसतं, लोक उठून उभे राहतात, आणि बाहेर कोबाशीचा हात नकळत पुढे येतो. टॅग टीमचा सगळा नियम त्या हातात आहे. जोडीदाराने स्पर्श केल्याशिवाय आत यायचं नाही. कुस्तीतलं सर्वांत अवघड काम वाट बघण्याचं आहे.

इथे कुणीतरी तुम्हाला विचारेलच, तुम्ही स्वतःलाही पूर्वी विचारलंय: अरे, निकाल आधी ठरलेला असतो ना? असतो. या सभागृहातल्या पुष्कळांना ते ठाऊक आहे. कीर्तनाला बसलेल्या आजीलाही अभिमन्यू चक्रव्यूहातून परत येणार नाही हे ठाऊक असतं, तरी तिचा पदर दर वेळी डोळ्यांना लागतो. निकाल ठरतो, वजन ठरत नाही. शंभर किलोहून जड देह मानेवर आदळतो तेव्हा फळ्यांचा आवाज खरा असतो आणि पट्टीखालचा पायही खराच दुखत असतो. बाबांच्या कंपनीत या शैलीला 'ओदो' म्हणतात, राजमार्ग. बाहेरच्या कुणी घुसून कुस्ती मोडायची नाही, निकाल रिंगच्या मधोमध लागला पाहिजे. त्यामुळे इथे हरणाऱ्याला सबब उरत नाही.

फिरते ती जागा

तुमच्या मित्रांमधला वाद इथे मिटतो किंवा इथेच पेटतो. सामन्याच्या उत्तरार्धात मिसावा आणि ताउए रिंगच्या कडेवर, दोरांच्या बाहेर आहेत. ताउएचा पंजा मिसावाच्या गळ्यावर बसतो. लोकांना कळतं आणि एक लांब किंकाळी उठते. ताउए त्याला उचलतो आणि कडेवरून थेट खालच्या जमिनीवर आपटतो.

एक मित्र म्हणतो, कुस्ती इथे फिरली. दुसरा म्हणतो, ती कोबाशीच्या पायावरच फिरली होती. इथे बसल्यावर कळतं की दोघंही बरोबर आहेत आणि या दोन गोष्टी मुळात एकच आहेत. कोबाशीचा पाय निकामी केला कारण मिसावापर्यंत पोचायचं होतं. मिसावाला जमिनीवर आपटलं कारण आता त्याच्या मदतीला धावून येणारं कुणी उरलं नव्हतं. जोडी फोडायची तर आधी दोघांमधलं अंतर वाढवावं लागतं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ती जागा पाचसहा मीटरची, पण एका पायावर ती पार करता येत नाही.

मग ते घडतं, ज्याच्यासाठी तुम्ही आलात.

मिसावा रिंगमध्ये पडलेला आहे. उठवायचा आणि संपवायचा, एवढंच उरलंय. कोबाशीला लढता येत नाही, नीट उभंही राहता येत नाही. तो मिसावापर्यंत पोचतो आणि त्याच्या अंगावर आडवा होतो. झाकतो त्याला. त्याच्याजवळ डाव नाही, ताकद नाही, उरलंय फक्त अंग, आणि ते तो दोन शत्रू आणि एका मित्राच्या मध्ये ठेवतो. कावादा आणि ताउए मारतात. तो हलत नाही. ते पुन्हा मारतात.

पडद्यावर हे दृश्य लहान वाटायचं. इथे तुमच्या आजूबाजूला सोळा हजार माणसं कोबाशीच्या नावाने हाका मारतायत, आणि शेजारच्या माणसाची मूठ त्याच्या स्वतःच्याच गुडघ्यावर आपटतेय. एखाद्याला वाचवता येणार नाही हे माहीत असूनही त्याच्यावर पडून राहणं, याला टॅग टीमच्या नियमांत नाव नाही. वर्षाची सुरुवात ढिगाऱ्यांखालून झालेल्या या देशात ही आकृती, एका देहावर पांघरलेला दुसरा देह, लोकांना आणखी कशाची आठवण करून देत असेल, हे तुम्ही विचारू शकत नाही. तुम्ही फक्त त्यांचे चेहरे बघू शकता.

शेवटी ते त्याला बाजूला काढतात. मग कावादा आणि मिसावा, आशिकागाच्या शाळेतली दोन मुलं, समोरासमोर. मिसावा कितीदा तरी खांदा उचलतो, दर वेळी उशिरा, दर वेळी दोनच्या नंतर. मग कावादा त्याला डोकं खाली, पाय वर असा उचलतो, खांद्याच्या उंचीवर नेतो आणि पाठीवर आदळतो. पॉवरबॉम्ब. वादांचा हात पडतो. एक. दोन.

तुम्हाला माहीत होतं. तरी तुम्ही उभे राहिलात.

तीन.

बेचाळीस मिनिटं सदतीस सेकंद. पाच वर्षांपूर्वी मुखवट्याची गाठ सोडणाऱ्या हातांनी आज त्याच माणसाला जमिनीला टेकवून धरलंय. कावादाने मिसावाला पहिल्यांदाच चीत केलं, आणि टॅग टीमचे पट्टे समोरच्या कोपऱ्यात गेले. जोड या शब्दाचे दोन्ही अर्थ आज एकाच रिंगमध्ये होते. एक जोड खाली पडलेल्याला झाकत होता, दुसरा त्याला चीत करत होता, आणि मिसावाला ओळखणारी याहून जवळची दोन माणसं या इमारतीत नव्हती.

बाहेर पडताना

पायऱ्या उतरताना तुमच्या पुढचे दोघं आत्ताच वाद घालू लागलेत. हात हवेत फिरतायत, एक जण कोपर मारून दाखवतोय. तुमच्या वादाची पहिली रात्र हीच. दूरचित्रवाणीवर ऑल जपानचा कार्यक्रम आता मध्यरात्रीच्या सुमारास, अवघा अर्धा तास लागतो. ही कुस्ती त्या अर्ध्या तासाहून मोठी आहे. म्हणूनच कॅसेट हातोहात फिरल्या, समुद्रापार गेल्या, कॉपीची कॉपी होत गेल्या. चाहत्यांनी ही कुस्ती जपली ती अशी, एकमेकांना देऊन.

परतीच्या वाटेवर दोन दिवे लागलेले दिसतील, तिथे क्षणभर थांबा. पहिला पुन्हा बुदोकानचा, २ डिसेंबर २००७. मूत्रपिंडाच्या कर्करोगातून उठलेला कोबाशी रिंगमध्ये परततोय, आणि समोरच्या कोपऱ्यात हिरव्या पोशाखात मिसावा आहे. आता तो कोबाशीचा दुसऱ्या अर्थाने जोड. तोच त्याला चीत करेल, आणि रोग्यासारखं न वागवता पैलवानासारखं हरवणं हाच त्याने केलेला सन्मान असेल.

दुसरा दिवा हिरोशिमाचा, १३ जून २००९. तीही टॅग टीमची कुस्ती. पाठीमागून उचलून आपटल्यावर मिसावा उठला नाही. सत्तेचाळिसावा वाढदिवस पाच दिवसांवर होता. राजमार्गाची किंमत ही होती, वर्षानुवर्षं मानेवर झेललेली. ९ जूनच्या कुस्तीवर प्रेम करताना हेही तिच्याबरोबर घ्यावं लागतं. आपण टाळ्या वाजवत होतो तेव्हा ती मान खरी होती.

घरी पोचलात. पडद्यावर रंग पुन्हा विटले आहेत. मागे न्या, अगदी चौघांच्या प्रवेशापर्यंत, आणि पुढच्या वेळेसाठी माणूस निवडा.

ताउएला निवडा. त्याच्याकडे आजवर कुणी नीट पाहिलं नाही, तुम्हीही नाही. कावादाला आयुष्यभर हवा असलेला क्षण त्याच्या एका पंजाने शक्य केला, आणि चीत करण्याचं श्रेय मात्र कावादाच्या नावावर लागलं. २०००मध्ये मिसावा कंपनी सोडून स्वतःची नोआ ही संस्था काढेल, तेव्हा कोबाशी त्याच्याबरोबर जाईल, ताउएही जाईल. ऑल जपानमध्ये कावादा मागे राहील. आज लाल पोशाखात दोराबाहेर उभा राहून हात पुढे करणारा हा उंच माणूस पाच वर्षांनी समोरच्या कोपऱ्यातल्यांबरोबर निघून जाणार आहे. हे माहीत असताना त्याने कावादाला दिलेला प्रत्येक टॅग बघा. हात कसा पुढे येतो, कसा लागतो, आणि लागल्यावर किती वेळ तिथेच राहतो.